ईसीजी नॉर्मल आहे, पण दुखण्याची चाल बदलली आहे

प्रश्न: माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. त्यांना आठ वर्षांपासून साखर आहे, तंबाखूही खातात. दोन वर्षांपूर्वी विहिरीकडून वर येताना चढावर छातीत भरून यायचं, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जायचं. सांगलीच्या डॉक्टरांनी अंजायना सांगून गोळ्या सुरू केल्या, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटही दिली. नंतर बरं चाललं होतं. गेल्या महिन्यात कामाच्या गडबडीत गोळ्या पंधरा दिवस संपलेल्याच होत्या. आता दहा दिवस झाले, अंघोळ करतानाही भरून येतंय. परवा रात्री जेवून नुसते बसले होते, तर वीसेक मिनिटं आवळल्यासारखं झालं, घाम फुटला, जबड्यात ओढ लागली. काल पहाटे पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला. गॅसची गोळी आणि कमरेत इंजेक्शन दिलं, बरं वाटलं. दीर म्हणतात ॲसिडिटी आहे, हवं तर छाटणी झाल्यावर टीएमटी करू. छाटणी आठ दिवसांवर आली आहे. हा हार्ट अटॅक आहे का? नसेल तर अंजायना आणि अटॅक यांत फरक काय? जिभेखालची गोळी किती वेळा द्यायची?

उत्तर: ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सगळ्यात आधी लिहितो. छाटणीची वाट पाहू नका, टीएमटी (पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणी) करू नका. आजच त्यांना हृदयरोगतज्ज्ञ आणि कॅथलॅब (हृदयाच्या धमन्यांतला अडथळा शोधून तो उघडायची खोली) असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. ओपीडीचा नंबर लावायचा नाही, थेट कॅज्युअल्टीत जायचं. या घडीला दुखत नसलं तरीही. अंजायना म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडून छातीत आवळणं. तुम्ही लिहिलेली लक्षणं जशीच्या तशी धरली तर याला अस्थिर अंजायना म्हणतात, आणि तो उद्यावर ढकलायचा आजार नाही. खालचं सगळं सावकाश वाचलं तरी चालेल, पण ते दाखल झाल्यावर.

आता 'का' ते बघू.

अंजायना ओळखताना लोक दुखणं किती जोराचं आहे ते बघतात. डॉक्टर बघतो ती दुखण्याची चाल: कधी येतं, कशाने येतं, किती वेळ टिकतं, कशाने जातं. दोन वर्षं तुमच्या यजमानांचं दुखणं ठरल्या वेळच्या एसटीसारखं होतं. अमुक चढ चढला की येणार, थांबलं की जाणार. हा स्थिर अंजायना. गेल्या दहा दिवसांत तीन गोष्टी बदलल्या. चढावर येणारं दुखणं अंघोळीला येऊ लागलं. दोन-तीन मिनिटांचं वीस मिनिटांवर गेलं. आणि श्रमाशी असलेला त्याचा संबंधच तुटला, कारण जेवून बसलेल्या किंवा पहाटे झोपलेल्या माणसाला ते गाठू लागलं. यातली एकच गोष्ट झाली असती तरी त्याच दिवशी दाखवायला सांगितलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच, गेल्या दोन महिन्यांत सुरू झालेला आणि थोड्याशा चालण्याने येणारा अंजायनाही अस्थिरच धरतात, हे इतर वाचकांसाठी.

ही चाल काही आजच कळलेली नाही. लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरने १७६८ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन वाचून दाखवलं. चालताना, त्यातही चढ चढताना आणि जेवणानंतर छातीत आवळतं, उभं राहिलं की जातं. काही महिन्यांनी मात्र उभं राहूनही लगेच जात नाही आणि पडल्यापडल्याही येऊ लागतं. तेव्हा ईसीजी नव्हता, रक्ताच्या तपासण्या नव्हत्या. तुमच्या पत्रात तोच क्रम आहे.

बागायतदाराच्या घरात लगेच ठिबकचं उदाहरण दिलं जातं. लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीत, क्षार साचतात, ड्रीपर चोंदतात, झाडाला पाणी कमी पडतं. स्थिर अंजायनाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या मुख्य धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. त्यात चरबीचा थर वाढत जाऊन वाट अरुंद झाली की बसल्या जागी रक्त पुरतं, पण चढावर हृदयाची मागणी वाढली की कमी पडतं. मागणी थांबली की दुखणं थांबतं. हिशेब साधा आहे.

अस्थिर अंजायनात मात्र हेच उदाहरण फसवतं. तिथे क्षार साचून वाट हळूहळू बंद होत नाही, तर थर फुटतो. धमनीच्या भिंतीतला हा थर पिकलेल्या गळवासारखा समजा. आत मऊ चरबी आणि सूज, वर पातळ कवच. धोकादायक थरांचं कवच माणसाच्या केसापेक्षाही पातळ असू शकतं. ते चिरलं की आतला माल रक्ताला लागतो. शरीराला वाटतं जखम झाली. मग प्लेटलेट, म्हणजे डेंग्यूत रोज मोजतात त्याच, तिथे धावतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्ताची गुठळी धरू लागते. बोट कापल्यावर जे जीव वाचवतं, तेच इथे जिवावर उठतं.

गुठळी मोठी होते, थोडी विरघळते, पुन्हा धरते. धमनीही तिथे आकसते. म्हणून दुखणं वीस मिनिटं येतं, जातं, पहाटे पुन्हा येतं. मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो आणि घरचे म्हणतात, 'बघा, गॅसच होता.'

आणि फुटणारा थर सगळ्यात मोठाच असतो असं नाही. अर्धीही वाट न अडवणारा, चालताना कधी त्रास न देणारा थर अचानक फुटू शकतो. 'मागे ब्लॉकेज चाळीस टक्केच निघालं होतं' या वाक्यावर म्हणूनच फार विसंबू नये.

आता तुमचा मुख्य प्रश्न: अंजायना आणि अटॅक यांत फरक काय? अंजायनात स्नायू उपाशी असतो, अटॅकमध्ये तो मरतो. बस, एवढाच. पण अस्थिर अंजायना आणि अटॅक यांच्या मुळाशी तीच फुटलेली जागा आणि तीच गुठळी असते. गुठळीने वाट अर्धवट अडवली आणि स्नायू मेला नाही, तर नाव अस्थिर अंजायना. गुठळीचे बारीक कण पुढे वाहून गेले किंवा वाट बराच वेळ अडली आणि थोडा स्नायू मेला, तर तो, लोक 'छोटा' म्हणतात तसा, अटॅक. ईसीजीत तो ठळक दिसेलच असं नाही, पण रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं. वाट पूर्ण बंद झाली, तर मोठा अटॅक. मग वीसेक मिनिटांपासून पेशी मरायला लागतात आणि सहाएक तासांत त्या भागातला बहुतेक स्नायू कायमचा जातो. पूर्वीच्या पुस्तकांत अस्थिर अंजायनाला अटॅकपूर्व अंजायना असंही नाव होतं. ते नाव मागे पडलं खरं, पण घरच्यांना समजावायला आम्हाला अजून तेच बरं वाटतं.

म्हणजे हा अटॅक आहे का? पत्रावरून ते कुणीच सांगू शकणार नाही. परवाच्या वीस मिनिटांत थोडा स्नायू गेलाही असेल. ते रक्त तपासून कळेल. पण उत्तर काहीही आलं तरी आज दाखल व्हायचं, यात बदल होत नाही.

मग ईसीजी नॉर्मल कसा आला? ईसीजी म्हणजे हृदयाचा दहा सेकंदांचा फोटो. दुखणं जाऊन तास-दोन तास झाल्यावर काढला तर गुठळी तोवर सैल झालेली असते आणि पट्टी स्वच्छ येऊ शकते. शिवाय हृदयाच्या मागच्या भिंतीचा पुरवठा अडला तर नेहमीच्या बारा लीडमध्ये (छातीवर आणि हातापायांना लावलेल्या तारांच्या नोंदींत) तो ठळक दिसेलच असं नाही, कधीकधी पाठीकडे जादा लीड लावावे लागतात. गावातल्या डॉक्टरांनी पट्टी काढली हे उत्तमच केलं. ती सांभाळून ठेवा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. दोन वर्षांपूर्वीची जुनी पट्टी मिळाली तर ती त्याहून मोलाची, कारण शेजारी ठेवल्यावरच बारीक बदल कळतात. रुग्णालयात एकाच ईसीजीवर थांबत नाहीत. पोचल्यावर दहा मिनिटांत पहिला, दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा.

तपासण्यांतली महत्त्वाची म्हणजे ट्रोपोनिन. हे स्नायूतलं प्रथिन, पेशी मेली की रक्तात उतरतं. तालुक्याच्या ठिकाणी गरोदरपण तपासायच्या पट्टीसारखं एक कार्ड असतं, त्यावर रक्ताचा थेंब टाकून 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' सांगतात. दुखल्यावर दोन तासांतच केलेलं कार्ड निगेटिव्ह आलं तर त्याला अर्थ नाही, कारण ट्रोपोनिन वाढायलाच तीन-चार तास लागतात. म्हणून ही चाचणी दोनदा करतात: नव्या अतिसंवेदनशील चाचणीत एक ते तीन तासांच्या अंतराने, जुन्या पद्धतीत सहा तासांनी. चांगली बाजू अशी की एकदा वाढलेलं ट्रोपोनिन आठवडाभर तरी रक्तात सापडतं. परवा रात्री काही झालं असेल तर आजही ते दिसेल. दोन्ही वेळा नॉर्मल आलं तर स्नायू मेलेला नाही एवढंच सिद्ध होतं. थर फुटलेला नाही, हे नाही. अशा वेळी निदान मुख्यतः तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवर ठरतं. म्हणून ती नीट सांगा. 'छातीत दुखतंय' एवढंच सांगू नका. 'आधी चढावर दोन मिनिटं, आता बसल्या जागी वीस मिनिटं, घाम आणि जबड्यात ओढ, दोन दिवसांत दोनदा' असं म्हणा. कागदावर वेळा लिहून न्या.

टीएमटीबद्दल दिरांना स्पष्ट सांगा. पट्ट्यावर चालवून हृदयावर मुद्दाम ताण आणणारी ती चाचणी स्थिर माणसासाठी आहे. अस्थिर अंजायनात ती करायची नसते, त्यातच अटॅक येऊ शकतो. ईसीजीवरचा एक विशिष्ट नमुनाच असा आहे, की रुग्ण हसतखेळत बसलेला असतो, दुखणं गेलेलं असतं, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या छातीच्या लीडमध्ये टी नावाची लाट उलटी किंवा अर्धी खाली, अर्धी वर दिसते. समोरची मोठी धमनी मुळाशीच बंद होण्याच्या बेतात असल्याची ती खूण. अशा माणसाला पट्ट्यावर चढवणं म्हणजे तडा गेलेल्या बांधावर ट्रॅक्टर घालण्यासारखं आहे.

गॅसची गोळी घेऊन बरं वाटलं, यावरूनही काही ठरत नाही. अस्थिर अंजायना आपोआपही कमी होतो. त्या दहा मिनिटांत जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो सोडा असो, ओव्याचं पाणी असो की पँटॉप. उलटंही खरं आहे. सॉर्बिट्रेटने बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच होतं असं नाही, कारण अन्ननलिकेचा पेटकाही तिने सुटतो. साखर असलेल्यांत आणखी घोळ होतो. मज्जातंतू बोथट झाल्याने छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप लागते, घाम फुटतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं किंवा अचानक गळून जायला होतं. बायकांतही असं बऱ्याचदा दिसतं. यजमानांना छातीत आवळलं, हे त्या मानाने नशीबच. आणि 'छप्पन हे काय वय आहे' असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, जगभरच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांत पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ निघालं होतं, इतरांत जवळपास ५९.

कमरेतल्या इंजेक्शनाबद्दल. बहुधा ते डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक असावं. छातीत दुखत असताना स्नायूत इंजेक्शन टाळायचं असतं. एक तर ही औषधं हृदयरोग्यांत गुठळीचा धोका वाढवतात. दुसरं, पुढे रक्त पातळ करायची औषधं दिली की टोचलेल्या जागी आत रक्त साकळतं. रुग्णालयात गेल्यावर इंजेक्शन दिलं होतं हे आठवणीने सांगा.

गोळ्या बंद पडल्याने झालं का? शक्य आहे. अंजायनाच्या गोळ्यांत बहुतेक वेळा मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी असते. ती एकदम बंद केली की गती उसळते आणि अंजायना बिघडतो, हे पक्कं माहीत आहे. ॲस्पिरिन बंद झालं की प्लेटलेट पुन्हा चिकट होतात. पण 'मग गोळ्या सुरू केल्या की होईल बरं' हा निष्कर्ष चुकीचा. बंधारा फुटायचं निमित्त काहीही असलं तरी फुटल्यावर नुसतं निमित्त काढून भागत नाही.

आता घरात काय करायचं ते. निघण्याआधी किंवा वाटेत पुन्हा दुखलं तर:

आहेत तिथे बसवा. पाठीला टेका द्या, गुडघे थोडे वर. जिना उतरवू नका, चालवू नका. लगेच १०८ ला फोन करा, 'छातीत दुखतंय, घाम आलाय, आधीपासून अंजायना आहे' याच शब्दांत. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो, मोठ्या सोयींच्या गाडीत ईसीजी आणि शॉकचं यंत्रही असतं. गाडीला उशीर होणार असं कळलं तर घरची चारचाकी. दोघांच्या मध्ये बसवून दुचाकीवर अजिबात नाही, आणि त्यांना स्वतःला गाडी चालवू देऊ नका.

ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या, नुसतं गिळायला नाही. घरी इकोस्प्रिन ७५ असेल तर चार, १५० असेल तर दोन. या गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं कवच असतं, तशीच गिळली तर काम सुरू व्हायला तास-दोन तास जातात. दातांनी फोडली की काही मिनिटांत होतं. रोजची घेतली असली तरी ही द्यायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी, नुकताच पोटातून झालेला रक्तस्राव किंवा मेंदूतला रक्तस्राव असेल तर मात्र नाही. ही साधी गोळी किती काम करते पाहा: अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अस्थिर अंजायनाच्या १,२६६ पुरुषांवर झालेला अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत मृत्यू किंवा अटॅक, ॲस्पिरिन न घेणाऱ्यांत १०.१ टक्के, घेणाऱ्यांत ५ टक्के.

सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली, बसवूनच. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून माणूस कोसळतो, हे वरचेवर घडतं. तोंड कोरडं असेल तर आधी पाण्याचा घोट द्या, नाहीतर गोळी विरघळतच नाही. पाच मिनिटांनी दुखणं असेल तर दुसरी, आणखी पाच मिनिटांनी तिसरी. तीनच्या पुढे नाही. डोकं ठणकेल, ते चालतं. पण चक्कर येत असेल, अंधारी येत असेल किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर एकही देऊ नका. आणि एक गोष्ट त्यांना एकट्याला विचारा, लाजू नका: लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली आहे का? घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घातक ठरू शकते, रुग्णालयातही सांगायला हवं. नुसती सॉर्बिट्रेट देऊन 'बघू थोडा वेळ' करू नका. ती वाट क्षणभर रुंद करते, गुठळीला काही करत नाही. गुठळीवरचं औषध ॲस्पिरिन.

गोळीपुरता पाण्याचा घोट सोडला तर खायला-प्यायला काही नको. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं जोरजोरात खोकायला सांगू नका, त्याने घरच्या घरी अटॅक थांबत नाही. बेशुद्ध पडले आणि श्वास नीट चालत नसेल तर जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२०, गाडी येईपर्यंत. दिरांनी हे आज शिकून घेतलं तर बरं.

तुमच्यापासून सांगली-मिरज जवळ आहे, हे तुमचं भाग्य. निघण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा: 'कॅथलॅब चोवीस तास चालू असते का?' जवळचं रुग्णालय गाठून तिथून पुन्हा दुसरीकडे पाठवण्यात तास-दीड तास सहज जातो.

आत गेल्यावर काय होईल ते थोडक्यात सांगतो, म्हणजे गोंधळ उडणार नाही. मॉनिटर लागेल. ॲस्पिरिनच्या जोडीला प्लेटलेट चिकटू न देणारी दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, कोलेस्टेरॉलची मोठ्या मात्रेची गोळी, आणि पोटावर हेपरिनच्या जातीचं, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन दिवसातून दोनदा. पोटावर निळे डाग पडतील, घाबरू नका. नातेवाईक हमखास विचारतात, 'गुठळी विरघळवायचं ते महागडं इंजेक्शन का देत नाहीत?' ते इंजेक्शन वाट पूर्ण बंद झालेल्या मोठ्या अटॅकसाठी. अस्थिर अंजायनातली गुठळी मुख्यतः प्लेटलेटची असते, त्यावर त्याचा फायदा होत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. शिवाय हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासतील. रक्त फार कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेला असला, तरी स्थिर अंजायना अस्थिर होतो आणि तिथे इलाज वेगळा असतो.

मग अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांत रंग (डाय) सोडून अडथळा बघायची तपासणी, हल्ली बहुधा मनगटातून. धोका जास्त दिसला तर २४ तासांच्या आत करतात. दुखणं थांबतच नसेल किंवा रक्तदाब कोसळत असेल तर लगेच. ट्रोपोनिन आणि पट्ट्या पुन्हा पुन्हा नॉर्मल आल्या तर एक-दोन दिवस थांबून ठरवतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगा, कारण अँजिओग्राफीतला डाय आणि मूत्रपिंड यांचा विचार करून ती काही काळ थांबवावी लागू शकते. ब्लॉकेज एक-दोन जागी असेल तर स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. डावी मुख्य धमनी किंवा साखर असताना तिन्ही धमन्या खराब असतील तर बायपासचा सल्ला मिळेल. तो रुग्णालयाचा धंदा आहे असं लगेच समजू नका, अशा रुग्णांत बायपास जास्त टिकते.

खर्चाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही आहेत, आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार पिशवीत टाका, योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो त्याला पहिल्या तासातच गाठा. कागद शोधण्यासाठी निघायला उशीर करू नका, ते मागून कुणीही आणू शकतं. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. औषध लावलेला स्टेंट सध्या चाळीस हजारांच्या आत बसतो. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

घरी आल्यावर जी चूक सर्रास होते ती आत्ताच सांगून ठेवतो. स्टेंट बसला की दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या सहसा वर्षभर असतात. दाढ काढायची म्हणून, हिरड्यांतून रक्त आलं म्हणून, गावाला जाताना पाकीट विसरलं म्हणून त्या बंद होतात आणि स्टेंटमध्येच गुठळी धरते. हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद नाही. टिकाग्रेलॉरने कधीकधी विनाकारण धाप लागल्यासारखं वाटतं. तसं झालं तर कळवा, गोळी बदलता येते, स्वतः थांबवू नका. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल बरी. अंग दुखलं की मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम किंवा व्होवेरान आणायची शेतकरी घरांत सवय असते, ती कायमची सोडा, पॅरासिटामॉल चालते. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५५ च्या खाली आणायचं असतं. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल १०० पर्यंत' छापलेलं असतं, ते तुमच्यासाठी नाही. आणि गोळ्यांचा पंधरा दिवसांचा जादा साठा घरात असू द्या, म्हणजे हंगामात पुन्हा तेच होणार नाही.

तंबाखू. चुना मळून खाल्ली तरी निकोटिन रक्तात जातंच, धमनी आकसते आणि हृदयाची गती वाढते. ओढत नाही म्हणून हृदयाला काही नाही, हा समज खोटा. घरात कुणी मिसरी लावत असेल तर तिलाही हे लागू आहे. रुग्णालयातले पहिले तीन-चार दिवस तसेही तंबाखूशिवाय जातात, तिथूनच पुढे न्या. तलफ फार असेल तर निकोटिन गमबद्दल डॉक्टरांना विचारा.

राहता राहिली छाटणी. बागेची तारीख मोडायची गरज नाही. दिरांना माणसं आणि कात्र्या ठरवू द्या, छाटणीनंतर काड्यांना लावायच्या पेस्टचं काम त्यांच्याकडेच द्या. यजमान त्या दिवशी बागेत नसतील, आणि पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप तर डॉक्टरांनी तपासून 'उचला' म्हणेपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर राहील.